शेजारी दिलेली फुलं

दुकानातून एकदा बाहेर पडलेलं फूल परत दुकानात आणायचं नाही, हा फुलवालीच्या सासूबाईंचा दंडक होता. सासूबाई गेल्या, दुकान सुनेच्या गळ्यात पडलं, पण दंडक काही गेला नाही. घर बंद असेल तर शेजारी द्या, शेजारी कुणी नसेल तर त्याच्या शेजारी द्या, पण परत आणू नका. परत आलेलं फूल आपल्यासोबत कुणाला घेऊन येईल ते सांगता येत नाही, असं त्या म्हणायच्या. फुलवाली यावर मनातल्या मनात हसायची आणि तरीही नियम पाळायची. चालत्या धंद्यात असल्या गोष्टींची परीक्षा कोण बघत बसतं.

दुसरी सवय तिची स्वतःची होती. लिलीची जुडी बांधण्याआधी ती प्रत्येक फुलाच्या पोटातले केशरी परागाचे तुरे कात्रीने काढून टाकायची. ते पराग एकदा लागले की धुऊन निघत नाहीत. कपड्यांना लागले तर लोक फुलांचं कौतुक विसरतात आणि डागाबद्दल फुलवालीला बोल लावतात.

दर गुरुवारी लिली पाठवायची ऑर्डर एका लेकाची होती. हा लेक जहाजावर नोकरीला होता आणि त्याची आई, निवृत्त मास्तरीणबाई, गावाबाहेरच्या वसाहतीत शेवटच्या गल्लीत एकटी राहायची. निघायच्या आदल्या रात्री दोघांचं चांगलंच वाजलं होतं. पहाटे त्याने तिच्या खोलीचं दार ठोठावलं, तिने उघडलं नाही, आणि तो तसाच निघून गेला. तेव्हापासून ती फोन उचलत नव्हती.

"ती बोलणार नाही, मला माहीत आहे," पहिल्याच फोनवर तो म्हणाला. "पण लिली तिला फार आवडते. फुलं घेतली, तर समजायचं राग गेला. ताई, तेवढं मला कळवाल ना?"

फुलवालीने हो म्हटलं. हो म्हणायला काय लागतं.

वसाहत मोठी शिस्तीची होती. एकसारखी बसकी घरं, एकसारखी कुंपणं आणि भर दुपारीही अशी सामसूम, की आपल्याच चपलांचा आवाज मागून कुणी येत असल्यासारखा वाटावा. ते थंडीचे दिवस होते. आभाळ आठवडाभर एकाच राखाडी रंगाचं होतं. मास्तरीणबाईंची घंटा फुलवालीने दोनदा वाजवली, तिसऱ्यांदा वाजवली. आतून हूं की चूं नाही. ती वळली, तर शेजारच्या घराचं दार जरासं उघडं होतं.

"दे इकडे," आतून कुणी म्हणालं. आवाज म्हाताऱ्या बाईचा होता, मऊ आणि गोड. "मी देते तिला."

फटीतून एक हात बाहेर आला. फुलवालीने जुडी दिली आणि सुटकेचा निःश्वास टाकला. संध्याकाळी लेकाचा फोन आला.

"घेतली का तिने?"

"शेजारी दिलीत. पोचली असतील."

पुढच्या गुरुवारी तेच, त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच. मग तर फुलवाली मास्तरीणबाईंची घंटा एकदाच आणि नावापुरती वाजवू लागली, कारण शेजारचं दार आधीपासूनच उघडं असायचं. लेक विचारायचा, आणि ती "पोचली" म्हणून मोकळी व्हायची. सगळं सुरळीत चाललं होतं.

एकदा दुकानात कामाची झुंबड उडाली आणि तुरे काढायचे राहूनच गेले. जुडी देताना तिच्या ते ध्यानात आलं.

"आजी, जरा जपून हां. पराग लागले तर डाग जात नाहीत."

आजींनी फटीमागच्या अंधारातच फुलांत तोंड खुपसलं आणि इतका लांब श्वास घेतला, इतका लांब, की फुलवालीला उगाच आपला श्वास अडकल्यासारखं झालं. तोंड वर आलं तेव्हा नाकाचा शेंडा आणि ओठ केशरी झाले होते. बोटंही.

"लागू दे गं," आजी म्हणाल्या. "आम्हाला कोण बघतंय."

त्याच आठवड्यात लेकाचा अवेळी फोन आला. त्याचा आवाज फुटत होता. कुणी नातेवाईक आईकडे जाऊन आले होते. ती जेवत नाही, अंथरुणाला लागल्यासारखी झाली आहे आणि म्हणते, पोराने माझं नाव टाकलं.

"फुलं कुठली, असं विचारलं तिने. एकही जुडी मिळाली नाही तिला. ताई, तुम्ही तर म्हणालात…"

फुलवालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने हाताला लागतील तेवढ्या लिली उचलल्या, तुरे काढले आणि तडक वसाहत गाठली. या वेळी तिने शेजारच्या दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. घराला वळसा घालून ती मागच्या खिडकीशी गेली आणि हात हलवत राहिली. आत खुर्चीत बसलेल्या मास्तरीणबाईंचं लक्ष गेलं तेव्हा कुठे दार उघडलं.

"ओरडून बोल," त्या म्हणाल्या. "कानातलं यंत्र बंद पडलंय. कधीचं. घंटा नाही, फोन नाही, काही ऐकू येत नाही. आणि पाय पुसून ये."

फुलवालीने जुडी पुढे केली. ओरडायची गरज पडली नाही. लिली पाहून मास्तरीणबाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"त्याने पाठवली?"

"दर गुरुवारी पाठवतोय," फुलवाली त्यांच्या कानाशी ओरडली. "जाताना दारही ठोठावलं होतं त्याने. तुम्हाला ऐकू आलं नाही."

त्या कडक बाईच्या डोळ्यांना धार लागली. फुलवालीने आपल्या मोबाइलवरून लेकाला फोन लावून दिला. मास्तरीणबाईंनी तो उलटासुलटा करून तोंडाशी धरला. "तू बोल रे, गाढवा," त्या म्हणाल्या. "मला काही ऐकू येत नाही, पण तू बोलत राहा." पलीकडचा लेक बराच वेळ बोलत राहिला, आणि त्या नुसत्या मान हलवत राहिल्या. फुलवालीला वाटलं, आपली चूक आज निस्तरली.

मग तिने शेजारच्या आजींचा विषय काढला. मास्तरीणबाईंनी तिला तो दोनदा सांगायला लावला.

"ते घर बंद आहे," त्या म्हणाल्या. "ती जाऊन दोन हिवाळे झाले. किल्ली माझ्याकडेच असते, कुणी वारस आलाच तर म्हणून. कोण येतंय. मागेपुढे कुणी नव्हतं तिला. गेली तेव्हा फूल वाहायलासुद्धा कुणी आलं नाही."

"पण आवाज… इतका गोड…"

"जिभेवर साखर होतीच. सारखी म्हणायची, तुझा लेक मला दे गं. तुला तर त्याच्याशी धड बोलता येत नाही, माझं ऐकत तरी जाईल. थट्टाच करायची." मास्तरीणबाई जरा थांबल्या. "मला वाटायचं, थट्टाच करते."

किल्ली घेऊन दोघी गेल्या. कुलूप गंजलेलं होतं, मोठ्या मुश्किलीने निघालं. आत धुळीचा आणि बंद हवेचा वास होता, आणि त्याखाली, अगदी मंद, लिलीचा. फुलं मात्र कुठेच नव्हती. धुळीवर पाऊलही नव्हतं. भिंतीवर आजींचा फोटो होता, हसरा. काचेवर नाकाशी आणि ओठांशी केशरी डाग होते.

फुलवालीने बोट ओलं करून ते पुसले. पुन्हा पुसले. डाग हलले नाहीत. ते काचेच्या आतल्या बाजूला होते.

"चल," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांनी कानातलं यंत्र काढून पुढे केलं. "यंत्र तेवढं दुरुस्तीला ने माझं. मला त्याचा आवाज ऐकायचाय."

फुलवालीने यंत्र पर्समध्ये टाकलं आणि कुलूप लावून, दोनदा ओढून पाहिलं.

त्या आठवड्यात लेकाचा फोन आला, तो नुसता आनंदाने उतू जात होता. आई रोज फोन करते. तासतास बोलते. "इतकं गोड तर ती आयुष्यात कधी बोलली नव्हती हो. आता एकदासुद्धा गाढव म्हणाली नाही. आणि मी हळू बोललो तरी तिला सगळं ऐकू येतं. ताई, यंत्र दुरुस्त करून दिलंत, तुमचे फार उपकार झाले."

यंत्र फुलवालीच्या खणात होतं. दुरुस्त होऊन कालच आलं होतं.

गुरुवारी तिने लिलीचा एकेक तुरा स्वतः तपासून काढला, यंत्र पर्समध्ये घेतलं आणि निघाली. आभाळ अजून तसंच राखाडी होतं. ती मास्तरीणबाईंच्या पायरीवर चढली, आणि घंटेला हात लावायच्या आधीच दार जरासं उघडलं.

"दे इकडे," आतून मऊ आवाज आला.

"मास्तरीणबाई… कुठे आहेत?"

"आहे गं. तिची नको काळजी करू. मी देते तिला."

फटीतून हात बाहेर आला. बोटांची टोकं केशरी होती.

फुलवालीला पळून जावंसं वाटलं. पण फुलं हातात होती, आणि ती परत दुकानात नेण्याची तिची छाती झाली नाही. तिने जुडी दिली का ओढून घेतली गेली, ते तिलाही सांगता आलं नसतं. दार लागलं. ती रिकाम्या हातांनी पायरीवर उभी होती, आणि पर्समधला फोन वाजत होता.

"ताई," लेक म्हणाला, "घेतली का तिने?"

फुलवालीने शेजारच्या घराकडे पाहिलं. गंजलेलं कुलूप जागच्या जागी होतं. आतून कुणीतरी दार ठोकत होतं, खूप मोठ्यांदा आणि न थांबता, स्वतःचं ठोकणं ऐकू न येणारं माणूस ठोकतं तसं.