शेवटच्या खोलीतलं पाणी

ओब्दुलिया हॉटेल निवडायची ती नाकाने. पाटी वाचत बसायची नाही, भाव तर आधी विचारायचीच नाही. खोलीच्या दारात उभं राहून एक मोठा श्वास घ्यायचा. ओल कळते, आधीच्या माणसाचा घाम कळतो, कशावर अत्तर शिंपडून काय झाकलंय तेही कळतं. मग भिंतीला तळहात लावायचा. मग आतून कडी घालून दार जोरात ओढायचं. आणि शेवटी मालकिणीला विचारायचं, "तू स्वतः कुठे झोपतेस?" जी बाई त्याच छपराखाली झोपत नाही, तिच्या घरात पैसे मोजून झोपू नये. गरिबाने तर नाहीच नाही.

तिची धाकटी बहीण फेली हे सगळं होईपर्यंत खाटेवर बसून असायची. "चालेल की," एवढंच म्हणायची. मग पाणी प्यायची आणि पेला पालथा घालायची. झुरळ पडतं म्हणून. घरी, दारी, हॉटेलात, कुठेही पेला पालथा.

दर जानेवारीत दोघी आपल्या सिग्वातेपेके गावाहून बसने निघायच्या आणि सीमा ओलांडून एस्किपुलासच्या काळ्या ख्रिस्ताला जाऊन यायच्या. छोटीच यात्रा. जाताना सीमेअलीकडच्या घाटातल्या गावात एक मुक्काम, मग देवाकडे, मग घर. ओब्दुलियाचा बालेयादाचा, म्हणजे राजमा भरून दुमडलेल्या पोळ्यांचा, ठेला तेवढाच काळ बंद राहायचा. नवरा नाही, मूल नाही. एक खोली, दोन खाटा, एक बहीण, एवढा संसार.

फेली ऑक्टोबरात गेली. नऊ दिवस प्रार्थना झाली. रीतीप्रमाणे वेदीवर पाण्याचा पेला ठेवला, कारण मेलेलं माणूस लांबचं चालून येतं आणि त्याला तहान लागते. बायका म्हणतात, आत्मा आला की पाणी उतरतं. ओब्दुलिया रोज सकाळी पेल्याशी डोळा नेऊन बघायची. पाणी होतं तिथेच होतं. नऊ दिवसांत एक थेंब हलला नाही. एवढी वर्षं एका खोलीत घोरलीस, आणि एक घोट प्यायला आली नाहीस. हे ती कुणाला बोलली नाही. आतल्या आत कढ येत राहिला.

या जानेवारीला ती एकटी निघाली. फेलीने देवाला नवस बोललेली मेणबत्ती तिच्या पिशवीत होती.

बस घाटात शिरली तेव्हा दुपार होती, पण धुकं असं उतरलेलं की ड्रायव्हरने दिवे लावले. गावात यात्रेकरूंची गर्दी. पहिल्या हॉटेलचा रंग गुलाबी, पाटी मोठी, गल्ल्यावर केसांना चोपडून तेल लावलेला माणूस.

"दोघी आहात?" त्याने मान वर न करता विचारलं.

"डोळे घरी ठेवून आलास? एकटी आहे."

"एकटीला दोन खाटांची खोली महाग पडेल, काकू."

"मला काय महाग पडतं ते तू नको सांगूस. उशी दाखव."

उशी दाखवली. तिने हुंगली आणि परत त्याच्या हातात दिली. "यावर कुणीतरी रडलंय, आणि ते धुवायचं सोडून तुम्ही वर पावडर टाकलीय."

दुसरं हॉटेल दारूच्या गुत्त्याला चिकटून होतं. कडी ओढली तर हातात आली. तिने ती मालकाच्या पुढ्यात ठेवली. "ही जपून ठेवा. पिढीजात दिसते."

शेवटी कॉफी विकणाऱ्या बाईने गल्लीच्या टोकाचं घर दाखवलं. पाटी नाही, दारात जास्वंद. तेओफिला नावाची म्हातारी मालकीण मोठ्या चुलीवर केळीच्या पानात बांधलेले मक्याचे तमाल उकडत होती. अंगावर काळा झगा, डोळे सुजलेले. धुराने असतील, असं ओब्दुलियाला वाटलं.

"तू कुठे झोपतेस?"

"इथेच, चुलीमागे. उजवीकडची दुसरी खोली रिकामी आहे, बघून घ्या बाई. मला भांडं सोडता येत नाही."

आता, दाखवलेली खोली ओब्दुलियाने जन्मात कधी घेतली नव्हती. लोक वाईट खोली आधी दाखवतात, हा तिचा पक्का समज. तिने ती दुसरी खोली बघितली, नाक मुरडलं आणि बोळातलं एकेक दार ढकलत गेली. सगळ्यात शेवटी एक दार होतं, बाहेरून सुतळीने बांधलेलं. तिने गाठ सोडली.

दोन खाटा. पांढऱ्या चादरी, एक सुरकुती नाही. भिंत कोरडी, कडी भक्कम. दारात उभं राहून तिने मोठा श्वास घेतला... आणि काहीच आलं नाही. ओल नाही, साबण नाही, माणूस नाही. मागच्या चुलीचा धूरसुद्धा उंबऱ्याशी थांबलेला. असली खोली तिच्या नाकाला आयुष्यात भेटली नव्हती. तेव्हाच मागे फिरायला हवं होतं. पण पाय दुखत होते, घसा वाळला होता, आणि दोन खाटांच्या मधल्या स्टुलावर पाण्याने भरलेला पेला होता. या दिवसांत यात्रेकरूंसाठी ठेवतात तसा. तिने तो एका दमात रिकामा केला.

पाणी फार गार होतं. आणि तहान होती तेवढीच राहिली.

तेओफिला टॉवेल घेऊन आली ती दारातच थबकली. पेल्याकडे बघत राहिली.

"बाई... तुम्ही प्यायलात?"

"प्यायले. पाण्याचे वेगळे लावतेस की काय?"

म्हातारी भिंतीला टेकत खाली बसली. "आज नववा दिवस आहे."

ओब्दुलियाने रिकाम्या पेल्याकडे बघितलं. आणखी काही सांगायची गरज नव्हती. तरी तिने विचारलं, "वेदी कुठाय मग?"

"पुढच्या खोलीत. पाणी मात्र इथे ठेवते, ही तिची खोली. माझी नोएमी. उत्तरेकडे निघाली होती कामाला. सीमेपलीकडे कुठल्याशा शहरात स्वस्तातली खोली घेतली, आणि तिथे ताप भरला. एकटी होती. दार आतून बंद. शेजारचे सांगत होते, पाणी मागत होती... कुणी उठलं नाही." तिने टॉवेल तोंडाला लावला. "इथे आली की भरभरून पितेय हो. रोज बोटभर पाणी उतरतं."

"बोटभर?" ओब्दुलियाने विचारलं. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. त्यात भीती नव्हती, असूया होती.

"आता येईल, आणि पेला रिकामा बघेल."

"भर मग."

"ज्याने प्यायलं त्यानेच भरायचं. आणि त्यानेच हाक मारायची."

"ठाऊक आहे मला. आमच्याकडेही तसंच आहे. आण घागर."

सांज झाली. पुढच्या खोलीत शेजारणी जमल्या, जपमाळेची कुजबुज सुरू झाली. कॉफीचा आणि मेणाचा वास बोळात आला आणि शेवटच्या दाराशी तुटला. ओब्दुलिया आत एकटी. खिडकीला धुकं चिकटलेलं. तिने पेला काठोकाठ भरला, स्टुलावर ठेवला आणि हाक मारली.

हाक मारली ती फेलीला.

कोण बघत होतं? "फेली... अगं फेली. मी आहे." तिने वाट पाहिली. पाणी स्थिर. खिडकीवर थेंब ओघळला, तेवढंच.

मग ती हळूच म्हणाली, "बरं. नोएमी. ये बाई, पी."

समोरची खाट किरकिरली. जशी कुणी दमून बसल्यावर किरकिरते. आणि मग घोटाचा आवाज आला... घशातून पाणी खाली उतरतं तसा. एक. मग घाईघाईने दुसरा. पेला जागचा हलला नाही, पण पाणी काठापासून खाली सरकत चाललं.

ओब्दुलियाच्या अंगावर काटा उभा राहिला. पळावं असं मात्र तिला वाटलं नाही. "सावकाश," ती म्हणाली. "ठसका लागेल."

पुढे वेदी उतरवायला लागले. मेणबत्त्या विझल्या, दार सताड उघडलं, आणि एका शेजारणीने आतून बाहेर घर झाडायला घेतलं. आत्म्याने आता जावं, म्हणून. झाडू उंबऱ्याबाहेर जाईस्तोवर जिवंत माणसाने बाहेर पडायचं नसतं, हे तिकडच्या पोरासोरांना ठाऊक असतं. ओब्दुलियालाही होतं. तिने पिशवी उचलली, बोळातून आली आणि झाडूच्या पुढेपुढे चालू लागली.

"बाई, थांबा," तेओफिला म्हणाली. "आत्ता नका जाऊ... ती निघालीय."

"मग एकटी कशी जाईल?" ओब्दुलिया म्हणाली आणि उंबरा ओलांडला. डाव्या कोपराला गार लागलं, हात धरल्यासारखं. धुक्यात ती गल्ली उतरली. मागे वळून बघितलं नाही.

गुलाबी हॉटेलात तोच तेलकट माणूस होता. या वेळी त्याने काही विचारलं नाही. तिच्याकडे बघितलं, तिच्या डावीकडे बघितलं आणि किल्लीबरोबर दोन टॉवेल पुढे सरकवले. तिने दोन्ही घेतले.

एस्किपुलासला फेलीची मेणबत्ती लावली. घरी आली. ठेला पुन्हा सुरू झाला. फेलीच्या खाटेवर तिने धुतलेली चादर घातली आणि मधल्या स्टुलावर दोन पेले ठेवायला लागली. एक फेलीचा, निळ्या काठाचा. एक साधा.

सकाळी निळ्या काठाचा पेला जसाच्या तसा भरलेला असतो. साधा रिकामा असतो, उताणा. ओब्दुलिया तो विसळते, पुन्हा भरते. झोपेपर्यंत खाटेवर पडून समोरच्या खाटेशी बोलत राहते. ठेल्यावर कोण भांडलं, पीठ कसं महागलं. आणि मग फेलीचं. फेली कशी चालायची, फेलीला कशाचं हसू यायचं, फेली पेला का पालथा घालायची. समोरून उत्तर येत नाही. ऐकणारं माणूस असतं तेव्हा खोली जशी गप्प होते, तशी होते.

आज सकाळी साधा पेला पालथा होता. फेलीचा निळा शेजारीच, काठोकाठ भरलेला.

ओब्दुलिया तो पालथा पेला हातात घेऊन बराच वेळ बसली. झोप लागायच्या आधी फेली एक गाणं गुणगुणायची, नाकातल्या नाकात. कुठलं, ते ओब्दुलियाने नोएमीला अजून सांगितलेलं नाही. काल दिवा मालवल्यावर समोरच्या खाटेवरून अगदी हलक्या आवाजात काहीतरी सुरू झालं होतं... चाल चुकत होती, पुन्हापुन्हा पहिल्यापासून सुरू होत होती.

आज सांगावं की काय, याचा ती सकाळपासून विचार करतेय.