सापासाठी नेलेल्या पाली

पिकल्या केळ्यांचा डबा याडिराच्या हातून निसटला, तो नेमका त्या अनोळखी तरुणाच्या बुटांवर.

"अरे देवा! सॉरी हं… चिलटांसाठी कुजवत ठेवली होती."

"आणि चिलटं कुणासाठी?"

"पालींसाठी."

"आणि पाली?"

"सापांसाठी. तुम्हीही त्यासाठीच आलात ना?"

तो हसला, पण लगेच त्याचा चेहरा उतरला. त्याचं नाव ओस्मेल. खिशातल्या कापडी पिशवीत त्याने सापाचं पिल्लू आणलं होतं, करंगळीहून बारीक. अंड्यातून निघाल्यापासून ते उपाशी होतं, उंदराच्या पिल्लाकडे ढुंकूनही बघत नव्हतं. होमस्टेड गावात आंब्याच्या बागेतल्या शेडमध्ये एक मुलगी पाली वाढवते, असं ऐकून तो धावत आला होता.

"वाचेल ना हो?" त्याने पिशवी तिच्यापुढे धरली.

याडिराने एक इवलीशी पाल उचलली आणि त्याने सोबत आणलेल्या उंदराच्या मेलेल्या पिल्लावर हळूच घासली. "पालीचा वास आला की फसतात कधीकधी…"

सापाची जीभ लवलवली. थांबली. मग त्याने तोंड उघडलं आणि घास धरला! ओस्मेलने तिचं मनगट घट्ट पकडलं होतं, हे त्याच्या गावीही नव्हतं. तिच्या मात्र होतं.

जाताना त्याने पालींच्या पेटीच्या काचेला चिकटलेली अंडी पाहिली. तिने मागून बॅटरी धरली. आत गुलाबी उजेड, आणि त्यात एक ठिपका… धडधडत होता.

"या जातीत नर नसतोच," ती म्हणाली. "एकटीच अंडी घालते. सगळ्या पोरीच होतात."

"नरच नाही?"

"हवाय कशाला?" तिने डोळे मिचकावले.

आ वासून तो त्या ठिपक्याकडे बघत राहिला. आजवर प्रत्येक गिऱ्हाइकाने इथे भाव विचारला होता; हा बोलायचंच विसरला. याडिराचा जीव जडला तो तिथेच.

मग तो दर शनिवारी येऊ लागला. पाली न्यायचा, तासभर रेंगाळायचा.

"अजून नुसता उंदीर खात नाही?"

"नाही गं… लाडावलंय फार."

साप उंदराला सरावला की ओस्मेल कशाला येणार? म्हणून तिने विचारणंच सोडलं.

एका शनिवारी मात्र तो सापाला घेऊन आला. चांगला गुबगुबीत, अंगठ्याएवढा जाड! एवढ्याशा पालींवर? नक्की उंदीर खातोय; मग पाली जातात कुठे? याडिराच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"खरं सांग, माझ्या पाली कुणाला विकतोस?"

तो कानापर्यंत लाल झाला. "घरी चल… दाखवतो."

त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत मोठी काचपेटी होती, पानांनी गच्च भरलेली. पानापानाआड पाली. मरायला म्हणून तिने विकलेल्या, सगळ्या जिवंत! काचेवर जोडीजोडीने अंडी, आणि त्यांच्यामधून पळणारी नखाएवढी पिल्लं. सगळं घर चिकचिकत होतं. याडिराचे डोळे भरून आले. आपल्याच हातचे जीव विकल्यानंतरही जगताना ती पहिल्यांदा बघत होती.

"साप दुसऱ्या आठवड्यापासूनच उंदीर खातोय," तो पुटपुटला.

"मग इतके महिने…?"

"त्यांना एकटं राहायला जमतं, याडिरा. मला… नाही जमत."

त्याचं मनगट धरून ती म्हणाली, "एवढ्या पोरींना चिलटं पुरायची नाहीत, वेड्या. उद्या केळी घेऊन मीच येते."