निळ्या रेघेचा दगड

शुक्रवार, १२ जुलै २०२४. इथला ऐन हिवाळा. सकाळी ऊन. दुपारी दोनला वारा फिरला, साडेचारला बर्फ सुरू झालं.

इथं पुरुषाला मानानं न्ताते, म्हणजे बाबा, म्हणतात; न्ताते मोलापो हवामानाची ही नोंद कधी चुकवत नाहीत. घाटमाथ्याच्या फाटकावर त्यांची एकतीस वर्षं गेली. त्या रात्रीही चौकीत रॉकेलच्या शेगडीभोवती तिघे तरुण पहारेकरी बसले होते.

"न्ताते, तुमच्या गोष्टीत गाडी हमखास बंद पडते," एक जण म्हणाला.

"हिच्यात नाही पडली. खेथिसा माझ्या बहिणीचा मुलगा. त्यानं सांगितलं तेवढंच सांगतो."

गेल्या हिवाळ्यात अशाच बर्फात खेथिसा संध्याकाळी खालच्या गावातून ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन निघाला. माथ्यावरच्या दवाखान्यात त्याच्या बहिणीची दोन दिवसांची मुलगी होती. तिथला सिलिंडर रात्री दहापर्यंतच पुरणार होता.

पायथ्याच्या दुकानातली म्हातारी म्हणाली, "रस्ता बुजतोय, बाळा."

"गाड्यांच्या शर्यतीत हा घाट मी अकरा मिनिटांत चढलोय, आई."

"शर्यतीत त्सोलोही होता."

खेथिसानं सिलिंडरचा पट्टा आवळला.

त्याच्या दोन वर्षं आधी शर्यतीच्या दिवशी नवव्या वळणावर दरड आली होती. शर्यतीचा झेंडेवाला त्सोलो लाल झेंडा हलवत रस्त्यात उभा राहिला. खेथिसाची गाडी थांबली नाही. त्सोलो मागे सरला, तो दरीतच गेला. मिळालाच नाही. "धुक्यात झेंडा दिसला नाही," असं खेथिसानं चौकशीत सांगितलं होतं.

घाट चढणारा पायथ्याशी एक दगड उचलतो आणि माथ्यावरच्या ढिगावर ठेवतो. खेथिसानंही उचलला. शर्यतीच्या सुरुवातीच्या रेघेचा निळा रंग त्याच्या कडेला लागला होता. दगड खिशात टाकून तो निघाला.

वळणं त्याला पाठ होती. पाचव्यापर्यंत कठडा दिसत होता. सहाव्यानंतर नुसतं पांढरं. काचेवरचं बर्फ पुसायला तो दोनदा उतरला. सात. आठ. आता नववं, म्हणजे उजवीकडे.

दिव्यांच्या उजेडात कुणीतरी उभं होतं. डोक्यावरून घोंगडी. हातात लाल झेंडा.

वाटेत माणूस भेटला की आधी विचारायचं, ही इथली रीत. खेथिसानं काच खाली केली.

"कुठून आलात, न्ताते? कुठं निघालात?"

झेंडा डावीकडे वळला.

"डावीकडे दरी आहे."

झेंडा तसाच.

"त्सोलो..."

वारा.

"मला त्याच वाटेनं न्यायचंय ना तुला?"

...

घड्याळात नऊ वीस. मागे सिलिंडर पट्ट्यात करकरला. खेथिसा खाली उतरला. खिशातला दगड काढला. उजवीकडे, जिथं रस्ता असायला हवा होता तिथं, भिरकावला.

एक. दोन. तीन.

दहापर्यंत मोजलं. आवाज आला नाही; तिथं रस्ता नव्हता, वळणं मोजताना कुठंतरी चुकलं होतं.

तो गाडीत बसला. गाडी डावीकडे घातली. चाकाखाली खडी लागली. झेंडा पुढे. वळण. पुन्हा झेंडा पुढे. समोरच्या बर्फावर पाऊल एकही नाही.

...

"नऊ पन्नासला मी फाटक उघडलं," न्ताते म्हणाले. "गाडीत तो एकटा."

"झेंडेवाला?"

"मला कुणी दिसला नाही. खेथिसानं काच खाली केली, म्हणाला, मामा, शर्यतीच्या दिवशी मला झेंडा दिसला होता. मग दवाखान्याकडे गेला."

शेगडीची वात कुणीतरी खाली केली.

"आणि मुलगी?"

"सिलिंडर नऊ छप्पन्नला लागला. अठराव्या दिवशी घरी गेली. वजन दोन किलो तीनशे."

शनिवारी सकाळी सहाला वारा पडला. न्ताते फावडं घेऊन बाहेर गेले. दगडांच्या ढिगावर हातभर बर्फ होतं, भोवती पाऊल नव्हतं. त्या बर्फाच्या वर एक दगड ठेवलेला होता. कोरडा. त्याच्या कडेला निळी रेघ होती.