पाचवा तुकडा

चिमणी दुपारी एक ते सव्वादोन झोपते. डोकं ठिकाणावर ठेवून करायची घरातली सगळी कामं मी त्या सव्वा तासात कोंबते. ओट्याची निवडही त्यातच बसवायची होती.

जुना ओटा सिंकजवळ तडकला होता. फटीतून पाणी मुरून खालच्या कपाटाचं लाकूड फुगलं, दार धड लागेना, आणि एक दिवस चिमणीने त्या दारात बोट घातलं. बोट वाचलं. नवऱ्याने त्याच संध्याकाळी जाहीर केलं, "ओटा बदलायचा." मग आठवडाभर घरात दुसरा विषय नाही. त्याला पांढराशुभ्र हवा होता. सासूबाईंचं म्हणणं, "रंग कसला का असेना, डाग दिसता कामा नये." मला काय हवंय हे कुणी विचारलं नाही, कारण ते सगळ्यांना ठाऊक होतं. मला तपासून हवा होता.

बाळंतपणाच्या रजेआधी मी रंगांच्या कारखान्यात तपासनीस होते. रंगवलेल्या पट्टीवर आम्ल टाकायचं, तेल टाकायचं, घड्याळ लावायचं आणि जे दिसेल ते लिहायचं. जे वाटेल ते नाही. सहा वर्षं तेच केलं. आता रजा लांबत लांबत दीड वर्षाची झालीय, तरी हात शिवशिवतात.

दगडवाल्या काकांचं दुकान मोठ्या रस्त्याच्या टोकाला आहे. आत लाद्या उभ्या, कपाटातल्या पुस्तकांसारख्या एकमेकींना टेकून. काकांची एक पद्धत मला आवडली. गिऱ्हाइकाला ते दुकानात निवडूच देत नाहीत. तळहाताएवढे तुकडे कापडी पिशवीत घालून आठ दिवसांसाठी घरी पाठवतात.

"न्या, आणि त्यांच्याशी वाईट वागा," ते म्हणाले. "लिंबू पिळा, तेल सांडा, गरम भांडं ठेवा. भांडण लग्नाआधी करून घ्यावं ताई. नंतर करून उपयोग नसतो."

त्यांनी चार तुकडे दिले. संगमरवर, काळा ग्रॅनाइट, राखाडी क्वार्ट्झ आणि जाड लाकूड. प्रत्येकाच्या पाठीला आकड्याची चिकटपट्टी, आणि पिशवीला बांधलेल्या चिठ्ठीवर चार नावं.

घरी येऊन पिशवी पालथी केली तर पाच तुकडे निघाले.

पाचव्याच्या पाठीला काहीच नव्हतं. रंग दुधात पाणी घातल्यावर येतो तसा, निळसर पांढरा. शीर नाही, दाणा नाही, ठिपका नाही. मी तो तळहातावर घेतला. दगड हाताला गार लागतो, लाकूड जरा ऊबदार लागतं. हा काहीच लागला नाही. वजन तेवढं होतं.

"अय्या, हा छानच आहे," सासूबाई म्हणाल्या. त्या खिडकीशी बसून विणत होत्या. लहान पिवळा स्वेटर पूर्ण झाला होता आणि तसाच दुसरा सुयांवर होता.

पुढे गुरुवारी तो दुसराही संपत आला तेव्हा मी विचारलं, "आई, दोन कशाला?"

त्यांनी सुयांकडे पाहिलं. "अगं, हात थांबलाच नाही बघ." मग हसल्या. "एक धुवायला, एक अंगावर."

पिशवी आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, चाचण्या सुरू केल्या. वहीत रकाने आखले: लिंबू, तेल, कॉफी, शाई, उष्णता. संगमरवर पाच मिनिटांतच लिंबापुढे हरला. क्वार्ट्झ गरम भांड्याखाली पिवळा पडला. लाकडाने तेल पिऊन टाकलं. ग्रॅनाइट मख्खासारखा सगळं सोसत बसला. नोंदी करत मी पाचव्या ओळीपाशी आले, आणि तिथे आधीच माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं: "१:१०, लिंबू, एक थेंब. १:२०, काही नाही."

मी पाचव्याला अजून हातही लावला नव्हता.

लहान मूल असलेल्या बाईला असलं विसरणं नवीन नाही. मी एकदा चष्मा फ्रीजमध्ये ठेवलाय, आणि घासलेले दात पुन्हा घासलेत. म्हटलं, टाकला असेल थेंब. तरी खात्रीसाठी पुन्हा टाकावा म्हणून लिंबू कापायला गेले, तर कचऱ्याच्या डब्यात पिळलेल्या सहा फोडी होत्या. मी एकच लिंबू कापलं होतं. एका लिंबाच्या दोन फोडी.

पान नीट पाहिलं. समासात, उभ्या रेघेला खेटून, बारीक अक्षरात आणखी दोन नोंदी. "१:२५, लिंबू, एक थेंब. पहिल्यांदाच." आणि खाली: "१:४०, लिंबू, एक थेंब. पहिल्यांदाच."

मी तुकडा काट्यावर ठेवला. सकाळी, सगळं सुरू करण्याआधी पाचांचंही वजन केलं होतं. चारशे बारा ग्रॅम. आताही चारशे बारा. वाढलं असतं तर मला बरं वाटलं असतं. शोषून घेतो, एवढंच, असं म्हणून मोकळी झाले असते.

त्या आठवड्यात चिमणी ते तुकडे खेळायला मागायची. मी द्यायचेही, बसल्या जागी रमते म्हणून. ती लाद्यांचं घर मांडायची, बिस्किट मोडून अर्धं स्वतः खायची आणि अर्धं समोर जमिनीवर नीट ठेवून द्यायची. "कुणाला गं?" म्हटलं की माझ्याकडे असं बघायची, की मीच खुळी आहे.

शुक्रवारी मी अहवाल लिहायला बसले. घरच्या ओट्याचा अहवाल! पण सवय आहे. दूध सांडून वहीची मधली दोन पानं चिकटली होती, ती तशीच सोडून बाकीचं वाचू लागले. सोमवारच्या पानावर, संगमरवराच्या कॉफीच्या रकान्यात लिहिलं होतं: "डाग पक्का. आकार लांबट थेंब, एका बाजूला शेपूट. हुबेहूब चिमणीच्या डाव्या मनगटावरच्या जन्मखुणेसारखा."

मी दोनदा वाचलं.

चिमणीला जन्मखूण नाही.

आत जाऊन पाहिलं. ती झोपली होती, पलंगाच्या अगदी कडेला. मोठा पलंग मोकळा सोडून ती नेहमी अशी कडेला का जाते कोण जाणे. मी डावी मूठ हळूच उलगडली, मग उजवी. मनगटावर लोण्याची वळी पडावी तशी घडी, आणि स्वच्छ कातडी.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा त्याच्यापुढे वही धरली. "हे वाच. तिला खूण होती?"

"कसली खूण?"

"मला आठवत नाहीये, म्हणून तर तुला विचारतेय."

त्याने मोबाईल काढला. जन्माच्या दिवसापासूनचे फोटो. प्रत्येकात मनगट कोरं. तो हसला नाही हे त्याचं चांगलं. "अगं, दुसऱ्या कुणाचं बाळ बघितलं असशील. तुला ओट्यापेक्षा झोपेची जास्त गरज आहे."

"हे माझं अक्षर आहे. मी दिसलेलंच लिहिते."

"मग आता दिसतंय ते लिही ना."

मी तुकडे पुन्हा बाहेर काढले. संगमरवरावरचा तो डाग मात्र अजून होता. लांबट थेंब, एका बाजूला शेपूट. मी त्यावर बोट ठेवलं आणि मला रडू आलं. कशासाठी ते सांगता येईना. या आकाराचे मी मुके घेतले असणार. अंघोळ घालताना, बाही चढवताना, दिवसातून किती वेळा. त्यातला एकही माझ्याजवळ नव्हता.

पाचवा तुकडा फडक्यात गुंडाळून वरच्या कपाटात टाकला. दगडाने शाई घेतली, लिंबू घेतलं, मनगटावरची खूण घेतली. उद्या चिमणीचा पूर्ण हात त्याच्यावर राहिला तर? आणि तो गेला, तर तो होता हे मला कळेल तरी का?

काकांना फोन केला. "चारच दिलेत ताई. चिठ्ठी बघा की."

शनिवारी ते स्वतः मापं घ्यायला आले. पुठ्ठ्याचे मोठे तक्ते ओट्यावर अंथरून, कापून ते आधी साचा करतात आणि मग त्याबरहुकूम दगड कापतात. त्यांनी साचा अर्धा केला असेल, तोवर नवऱ्याने कपाटातून पाचवा काढून त्यांच्यासमोर धरला.

"आम्हाला हा पसंत आहे. कशानेच डाग पडत नाही याच्यावर."

काकांची कात्री थांबली. त्यांनी हात पुढे केला नाही.

"हिचा तुकडा कुणी केला?" ते म्हणाले. "अख्खी लादी आहे ती आमच्याकडे, मागच्या भिंतीला. वडिलांच्याही आधीची. बाकीच्या रोज पुसाव्या लागतात. हिच्यावर धूळ बसत नाही."

"मग तीच द्या!" सासूबाई म्हणाल्या.

"नको," मी म्हटलं. आवाज फार मोठा निघाला. चिमणी दचकली. मी तिला कडेवर घेतलं, तिचे दोन्ही हात माझ्या मुठीत धरले. "काळा ग्रॅनाइट. मी तपासलंय. स्वयंपाकघरात चोवीस तास मी असते. ग्रॅनाइट."

नवरा सासूबाईंकडे बघून खांदे उडवत म्हणाला, "बॉसने सांगितलं. संपलं."

काका कात्री चालवत राहिले. निघताना मला एकटीला म्हणाले, "ताई, तो तुकडा तुम्हीच आणून द्या. मी नाही नेत."

सोमवारी नेला. फडक्यात, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी, बाबागाडीच्या खालच्या जाळीत. चिमणीपासून जितका लांब ठेवता येईल तितका. काकांच्या मागच्या फाटकातून बाबागाडी आत जाईना. आमची बाबागाडी जरा जास्तच रुंद आहे. चिमणी तिच्यात एका बाजूला बसते आणि दुसऱ्या बाजूला मी भाजी ठेवते. तिला काढून कडेवर घेतलं.

लादी शेवटच्या भिंतीला उभी होती. आजूबाजूच्या सगळ्या लाद्यांवर पांढरी पूड साचलेली, ही एकटी लख्ख. खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढी खाच होती. काका म्हणाले, "ठेवा तिथे." मी वाकून एका हाताने तुकडा खाचेत सरकवला.

तो बसला. हात काढला तेव्हा सांधा दिसत नव्हता. बोट फिरवून पाहावंसं वाटलं, पण फिरवलं नाही.

चिमणी घरी येईपर्यंत रडली. मागे हात करकरून, मान वळवून वळवून. एवढी ती कधीच रडत नाही. मी तिला सांगत राहिले, "झालं गं, झालं, माझं बाळ माझ्याजवळ आहे ना." इतकं सुटल्यासारखं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

ग्रॅनाइट काल बसला. चांगला आहे. गार लागतो.

आज दुपारी त्याच ओट्याशी उभं राहून अहवाल पुरा करावा म्हटलं. क्रमांक पाच, निष्कर्ष. चिकटलेली पानं राहिली होती. वाफेवर धरून ती सोडवली.

बुधवारची नोंद. माझंच अक्षर, घाईचं. एका हाताने काहीतरी ढवळत लिहिलेलं असावं.

"१२:५०. दोघी लाद्या खेळतायत. चिमणीचं डावं मनगट क्र. ५ वर, अंदाजे दहा मिनिटं.

१:०५. चिमणीला आत झोपवलं. मैना इथेच जमिनीवर पेंगली, क्र. ५ गालाखाली घेऊन. तिच्या गालाखालचा तुकडा काढत नाही. जुळ्यांपैकी एक उठली की दुसरीही उठते. सव्वादोनला बघू."

खाली रेघ. त्याखाली, त्याच दिवशी, त्याच पेनाने:

"२:१५. क्र. ५ जमिनीवर पडलेला सापडला. स्वच्छ. निरीक्षण काही नाही."

मैना कोण ते मला आठवत नाही.

मी मान वर केली. फळीवर चिमणीचे दोन कप आहेत, पिवळा आणि हिरवा. हिरव्यातून ती कधीच पीत नाही. खुर्चीवर सासूबाईंचा दुसरा स्वेटर पडलाय.

तो तुकडा मी माझ्या हाताने नेऊन बसवला. सांधा दिसत नव्हता.

फोन लावला. काका म्हणाले, "कुठली लादी, ताई?"

सव्वादोन वाजलेत. चिमणी उठलीय, पण हाक मारत नाहीये. मी दारात उभी आहे. ती पलंगाच्या कडेला बसून शेजारची रिकामी उशी थोपटतेय. मी थोपटते तशीच, हळू, झोपमोड होऊ नये म्हणून. मला पाहून तिने ओठांवर बोट ठेवलं.