डाव्या हाताचा अंगठा

रवी, प्रेस बंद कर आणि इकडे ये. दीपक, तूपण ये. चहा घ्या. सकाळी मशीनला झेंडूचा हार घातलात, हळदकुंकू वाहिलंत, आणि रात्री त्याच पूजेच्या नाडाछडीनं डावं बटण बांधून बसलात. खंडेनवमीला हत्यारालासुद्धा सुट्टी असते, पण तुम्हाला सांगणार कोण? या गोटीरामकाकाचे केस काय उन्हानं पांढरे झालेत?

हसू नका. दोन बटणं कशासाठी दिलीत? दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये, म्हणजे हात आत सापडू नये. एक बांधलं की डावा हात माल सरकवायला मोकळा. तासाला शंभर नग जास्त निघतात. मोतीरामही हेच म्हणायचा.

मोतीराम माझा जुना दोस्त. इंदिरानगरला आम्ही शेजारी. सातपूरला एका शेडमध्ये तो सुपरवायझर होता. शेडचं नाव नको. तिथे नऊ माणसं कामाला आणि विमा सहाच जणांचा. कामावर कुणाला इजा झाली तर मालकानं द्यायची भरपाई विमा कंपनी देते, असा तो विमा. हप्ता वाचावा म्हणून शेठनं तीन नावं घातलीच नव्हती. त्या तिघांत घाटापलीकडच्या पेठ तालुक्यातला पुंजाराम. त्याला लिहिता येत नव्हतं. रोज सकाळी हजेरीला डाव्या हाताचा अंगठा उठवायचा.

दोन वर्षांपूर्वी अशीच खंडेनवमी होती. माल अर्जंट द्यायचा होता. पुंजाराम म्हणाला, "सायेब, आज यंत्राला हात नाय लावत आमी." मोतीराम हसला. त्यानं स्वतःच नाडाछडीची गाठ मारून डावं बटण बांधलं.

रात्री पावणेअकराला पुंजारामचा डावा हात गेला. मनगटापासून.

मोठ्या दवाखान्यात नेलं तर कुठे लागलं म्हणून विचारतील, या भीतीनं शेठ तासभर फोनच करत बसला. मोतीराम जखमेवर कापड दाबून ओरडत होता, "गाडी काढा शेठ, पाया पडतो, गाडी काढा!" गाडी निघाली, पण पुंजाराम वाटेतच संपला.

मग तीन नोव्हेंबरला, शुक्रवारी, शेठनं मोतीरामला एक काम सांगितलं. पेठजवळच्या पाड्यावर जायचं आणि पुंजारामच्या बायकोचा, लंकाबाईचा, एका कागदावर अंगठा घेऊन यायचा. कागदावर लिहिलं होतं की नवरा त्या दिवशी सुट्टीवर होता, घरी भात मळताना यंत्रात हात गेला. हजेरीचं पान आधीच बदललं होतं. लंकाबाईनं अंगठा दिला की भरपाईची वाट कायमची बंद. तिला दोन लहान पोरी होत्या. मोतीराम नको म्हणाला, तर शेठ म्हणाला, "बटण तू बांधलंस. हे बाहेर आलं तर आधी तू आत जाशील."

निघाला बिचारा. काय करणार? त्याच्याही घरात खाणारी तोंडं होती.

रात्री नऊ चाळीसला त्याची मोटारसायकल सावळघाटात होती. रस्त्यावर दुसरी गाडी नाही. आणि मागून आवाज आला.

धप्प.

त्याला वाटलं, दरड असेल. पुन्हा आला. धप्प. मधे चार सेकंद. पुन्हा धप्प. अरे, वीस वर्षं प्रेसवर काढलेला माणूस तो, तो ठोका झोपेतही ओळखेल. त्यानं गाडी बंद केली. खाली दरी, वर डोंगर. ना शेड, ना वीज.

धप्प.

जवळून.

त्यानं गाडी अशी पळवली की पाडा येईपर्यंत मागे पाहिलं नाही. लंकाबाई दारात बसली होती. पोरी आत झोपलेल्या. मधे एक रॉकेलची चिमणी. मोतीरामनं कागद वाचून दाखवला. ती रडली नाही, ओरडली नाही.

"घरी होते म्हणता?" ती म्हणाली. "मग मला कसे नाय दिसले?"

मोतीरामनं कागद पुढे केला.

"पोरी लहान हायेत, सायेब. मी कुठं भांडू तुमच्याशी? देते अंगठा. पन तुमी एकदा तोंडानं म्हना... हे त्या रातीला कामावर नव्हते."

मोतीरामनं कागद जमिनीवर ठेवला. शाईचा डबा काढायला पिशवीत हात घातला. मान खाली घालून म्हणाला, "नव्हते."

धप्प.

या वेळी घरात.

चिमणी विझली. पोरी उठल्या नाहीत. कुत्रं भुंकलं नाही. काळोखात ग्रीसचा वास... फक्त वास... आणि कागद सरकल्यासारखा आवाज...

लंकाबाईनं काडी ओढली.

शाईचा डबा अजून पिशवीतच होता. तिचे दोन्ही हात स्वच्छ. मोतीरामचेही. आणि कागदावर, सहीच्या जागी, अंगठा उठला होता. काळ्या ग्रीसचा. मधून आडवा चिरलेला.

ती वाकली. बराच वेळ बघत राहिली.

"ह्यांना विळा लागला व्हता," ती म्हणाली. "लगीन झालं त्या वर्षी. मीच हळद भरली व्हती."

मोतीराम तिथेच कोसळला. रडत म्हणाला, "होते. कामावरच होते. बटण मी बांधलं, बाई... मी बांधलं."

तेच त्यानं पुढे न्यायालयात सांगितलं. नोकरी गेली, केस अंगावर आली, पण शब्द फिरवला नाही. विम्यात पुंजारामचं नाव असतं तर पैसे कंपनीनं दिले असते. नव्हतं, म्हणून शेठला शेड विकून भरपाई द्यावी लागली. पोरी शाळेत जातात. त्यांचा बाप काही परत आला नाही.

कागद मोतीरामनं न्यायालयात दाखवला नाही. कोण विश्वास ठेवणार? घरात ठेववत नाही म्हणून मागच्या वर्षी माझ्याकडे आणून दिला.

हा बघ. घाबरू नकोस, कागदच आहे. दोन वर्षं झाली. एवढ्या दिवसांत ग्रीस सुकून खपली धरतं, तुम्हाला माहीत आहे. रवी, हात पुढे कर. हा नाही, डावा. टेकव बोट...

टेकव म्हणतो ना.

...

दीपक, कुठे चाललास? ...हां. जा. आधी ती गाठ सोडून ये.

रवी, आता बोट उजेडात धर.

...

ओलं आहे ना?