सांडोरच्या विहिरीवर दिलेली साथ

लाइट गेलीच आहे, तोवर ऐका. बोळिंजच्या या बाराव्या मजल्यावर भूत येत नाही. लिफ्ट बंद असताना तर नाहीच. ही गोष्ट वसईतल्या सांडोर गावची. मला युजीनने सांगितली. युजीनचा बँड आहे, आणि 'वेळेवर पोचतो' यापलीकडे तो कधी खोटं बोललेला नाही.

गेल्या जानेवारीतला दुसरा शुक्रवार. युजीनला क्लॅरोनेटवाला हवा होता. जुना क्लॅरोनेटवाला बॅप्टिस्ट दिवाळीत गेला. एका सकाळी वाडीतल्या विहिरीपाशी पडलेला सापडला. डॉक्टरांनी हृदय लिहिलं. डॉक्टर हृदयच लिहितात, फार शोधावं लागत नाही. आता रविवारी लग्न, आदल्या संध्याकाळी विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणायची रीत, आणि बँडला क्लॅरोनेट नाही. म्हणून बार्शीहून संग्रामला बोलावलं.

बार्शीत डीजे आल्यापासून संग्रामच्या बँडचे लाल डगले ट्रंकेत पडून होते. इथे जमलं तर कायमची जागा. नाही जमलं तर परत जाऊन भावाची रिक्षा चालवायची, तीही वहिनीच्या परवानगीने.

वसईला उतरला तेव्हा अंधारत होतं. पहिल्या रिक्षावाल्याने सांडोर ऐकून तोंड फिरवलं. दुसऱ्याने हातातल्या पेटीकडे बघून विचारलं, "प्लंबर काय?"

"नाही, वाजवतो."

"मग चालत जा वाजवत."

तिसऱ्याने घेतलं, पण चौथं माणूस कोंबल्याशिवाय निघाला नाही. वाटेत सगळ्या टॉवरांवर निसर्गाच्या कुशीत घर देणाऱ्या पाट्या होत्या. निसर्ग दोन टॉवरांच्या फटीतून केळीची पानं हलवत होता, ये म्हणून की जा म्हणून, ते संग्रामला कळेना. वसईत पाय ठेवल्यापासून त्याच्याकडे बघून कोणी हसलं नव्हतं, कुत्र्यानेसुद्धा शेपूट हलवलं नव्हतं.

तालमीतही तेच. विहिरीवर वाजवायची चाल युजीनने शिकवली. संग्रामने वाजवली. कोणी मान डोलावली नाही.

"बॅप्टिस्ट ही ओळ एका दमात घ्यायचा," युजीन म्हणाला. "तू मध्ये दोनदा श्वास घेतलास. उद्या असं केलंस तर रात्रीची गाडी आहे बार्शीची."

राहायची सोय बॅप्टिस्टच्याच घरी, मागच्या खोलीत. त्याची बायको क्लेमेंटीन. जेवण वाढलं, ते ताटाकडे न बघता.

"आंटी, जरा प्रॅक्टिस केली तर चालेल?"

"नवरा जन्मभर फुंकत होता. आता कुठे कानाला शांती मिळालीय. विहिरीवर जा. तोपण तिकडेच जायचा."

साडेदहाला तो वाडीत शिरला. दोन्ही बाजूंना केळी. पुढे विहीर, शेजारी पंपाची खोली. कठड्यावर बसून त्याने चाल धरली. मध्ये श्वास तुटला. पुन्हा धरली. पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा तो थांबला, आणि ती ओळ केळींच्या पलीकडून आली. क्लॅरोनेटवरच. एका दमात.

संग्रामला बरं वाटलं. युजीनने परीक्षा घ्यायला कोणाला तरी पाठवलंय, मनात म्हणाला. आता बँडमध्ये जोडीला वाजवणाऱ्याला एक सवय असते. समोरून ओळ आली की खालच्या सुरात उचलायची. कोण वाजवतंय, हे विचारायचं नाही. संग्रामने जन्मभर तेच केलं होतं.

त्याने साथ दिली.

"काका, कोणीतरी मोबाइलवर लावलं असेल," असं म्हणणार आहेस ना, उमंग? संग्रामनेही पुढे हाच विचार केला. कारण ती ओळ संपेचना. माणूस कुठेतरी श्वास घेतो. हा घेत नव्हता. पण मोबाइल चालत येत नाही. सूर आधी केळींच्या मागे होता. मग पंपाच्या खोलीपाशी आला. मग विहिरीच्या पलीकडच्या कठड्यावर. चांदणं चांगलं होतं. कठड्यावर कोणी नव्हतं.

त्याने फुंकायचं थांबवलं.

सूर थांबला नाही.

आता तो समोरून येत नव्हता. संग्रामच्याच हातातून येत होता. बोटांखालच्या चाव्या आपोआप उठत होत्या, बसत होत्या...

मग श्वास आला. उलटा. नळीतून त्याच्या तोंडात. थंड. बुरसटलेला. त्याने ओठ काढायला पाहिले. निघेनात. दात रुतून बसलेले. गाल फुगले. छाती भरली. बाहेर सोडायला जागाच नाही... नाकातून सोडू गेला, नाकही आतून भरलं. अजून येतच होता. सावकाश. भरपूर दम असल्यासारखा. बरगड्या करकरल्या...

तो कोलमडला. क्लॅरोनेट कठड्यावर आपटलं, तोंडाजवळचा तुकडा मोडला. हवा फुस्स करून बाहेर पडली.

सूर तरीही थांबला नाही. विहिरीच्या आतून, ओळ पुरी करूनच थांबला.

संग्राम रांगत घरी आला. क्लेमेंटीन दारात उभी होती. झोपली नव्हती. पाणी दिलं नाही. ऐकून घेतलं फक्त.

"तुला वाजव म्हटलं होतं," ती म्हणाली. "जवाब दे कुठे म्हटलं? बॅप्टिस्ट जन्मभर तिकडे वाजवायचा. जवाब एकदाच दिला."

पहाटेच्या पहिल्या गाडीने संग्राम गेला. पेटी न घेता. हल्ली रिक्षा चालवतो, पण हॉर्न वाजवत नाही, अशी प्रवाशांची तक्रार आहे. सांडोरचं लग्न क्लॅरोनेटशिवायच लागलं.

त्याच सकाळी युजीन विहिरीवर गेला. क्लॅरोनेट तिथेच पडलं होतं. तोंडाकडच्या तुकड्यावर संग्रामचे दोन दात उमटले होते. त्यात विशेष नाही, जुन्या वाजवणाऱ्याचे उमटतातच.

मग त्याने दुसरं टोक उन्हात धरलं. ते रुंद, फनेलसारखं टोक.

तिथेही दात उमटले होते. ताजे. काळ्या लाकडात खोल रुतलेले. बाहेरच्या बाजूने. एका जागी नाही... सगळीकडून, पूर्ण गोल. अख्खं टोक कोणीतरी तोंडात घेतल्यासारखे.