बेंजोची तार

मांडवातली लाईट गेली, जनरेटर धडधडला आणि काळ्या धुराचा लोट थेट वऱ्हाडावर आला. बायका नाकाला पदर लावून पळाल्या. हीना मात्र ओढणी नाकाशी धरून धुराकडेच टक लावून उभी राहिली.

"लोक नवरी बघायला येत्यात. तुमी धूर बघायला आलात व्हय?"

ती वळली. बँडचा लाल कोट घातलेला, गळ्यात बेंजो अडकवलेला एक तरुण हसत होता. हसताना त्याचे डोळे पार मिटत होते.

"हा धूर विजेनं साफ करता येतो," ती फणकाऱ्यानं म्हणाली. "माझा प्रोजेक्टच त्यावर हाय."

"आन् हा जनरेटर माझ्याच गॅरेजात दुरुस्त झालाय. म्हंजी धूर माझाच की!"

केजच्या त्या लग्नात जेवायला काय होतं, हे हीनाला आज विचाराल तर सांगता येणार नाही. शहेबाज हे नाव मात्र त्याच दिवशी पाठ झालं.

फळवाल्या दिलावरभाईंची ही लेक इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. कॉलेजात जनरेटर चालवू देईनात, म्हणून महिनाभरात तिची हातभर लांबीची स्टीलची नळी शहेबाजच्या गॅरेजात येऊन बसली. नळीच्या मधोमध केसासारखी बारीक तार. नळीतून जनरेटरचा धूर सोडायचा आणि तारेला विजेचे झटके द्यायचे... सेकंदाला शेकडो, आणि एकेक इतका आखूड, की त्यापुढं पापणी लवायचा वेळही लांबलचक वाटावा. मग नळीत जांभळा उजेड पडायचा, धुरातल्या विषारी वायूचं रूप बदलायचं आणि पुढं चुन्याच्या पाण्यात तो धुऊन निघायचा. नळीला हात लावण्याआधी साठलेली वीज जमिनीत उतरवायला अर्थिंगचा दांडा टेकवायचा, हा हीनाचा कडक नियम होता.

"जांभळा रंग तुमाला लई आवडतो," एकदा तो म्हणाला.

"कशावरून?"

"तो बघताना... तुमी श्वास घ्यायचं इसरता."

"आणि तुमी काय बघत असता तवा?"

शहेबाजनं पाना उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. "मी—मीटर बघतो."

मीटर त्याच्या पाठीमागं होतं. हीना ओढणीआड हसली.

पाहता पाहता परीक्षेचा दिवस आला. अकरा वाजता कॉलेजातल्या सत्यशीला मॅडम गॅरेजात तपासायला येणार होत्या. आकडे चांगले आले तर पुण्यात संशोधनाची तीन वर्षांची जागा, नाहीतर प्रोजेक्ट बंद, असं त्यांनी बजावलं होतं. साडेनऊला हीनानं बटण दाबलं. नळीत अंधार! विजेचा दाब वाढवला, तरी अंधारच.

"तार... कुणी बदलली?"

शहेबाजचा चेहरा उतरला. "काल पुसताना तुटली. मग जाड घातली म्या. पुन्हा तुटू नये म्हनून."

तुटलेली वस्तू पहिल्यापेक्षा दणकट करून द्यायची, ही त्याची सवय. गिऱ्हाइकं त्यावरच खूश असायची. पण इथं सगळी करामत बारीक तारेचीच होती. जाड तारेभोवती विजेचा जोरच बनेना. हीनाच्या डोळ्यांत पाणी तरारलं. ते पाहून तो घाईघाईनं नळी उघडायला वाकला आणि तिनं झडप घालून त्याचं मनगट धरलं.

"दांडा! आधी दांडा लावा! वीज साठलेली असती... तुमाला काही झालं असतं तर मी—"

वाक्य तिथंच राहिलं. मनगटही लवकर सुटलं नाही.

मग दांडा टेकवून त्यानं जाड तार काढली, "आलोच," म्हणून आतल्या खोलीत गेला आणि बारीक पोलादी तार घेऊन आला.

"कुठं मिळाली?"

"घरातच होती."

मॅडम आल्या तेव्हा नळीत जांभळा उजेड लखलखत होता. त्यांनी चार वेळा मोजलं. चारही वेळा विषारी वायू निम्म्याहून खाली! "पुण्याची तयारी कर, पोरी," असं म्हणून पाठीवर थाप देऊन त्या गेल्या.

हीना पाणी प्यायला आत गेली आणि थबकली. भिंतीवर बेंजो टांगलेला होता. त्याच्या एका खुंटीला तार नव्हती. तिला भरून आलं. ही जागा मिळाली की आपण जाणार, हे त्याला ठाऊक होतं. तरी त्यानं तार काढून दिली होती.

"आज तेलगावला वाजवायला जायचंय ना?" तिनं हळूच विचारलं.

दारात उभा असलेला शहेबाज चपापला. "उरलेल्या तारांवर भागवीन."

"मला सांगितलं कावून न्हाई?"

"तुमी घेतली नसती. तुमी पुण्याला गेलेलं मला कुठं पायजे? पण... तुमी रडलेलं त्याहून न्हाई बघवत."

हीनानं त्या रिकाम्या खुंटीवरून बोट फिरवलं. "नवी कधी बसवणार?"

"न्हाई बसवत. तुमची आठवण म्हनून राहू द्या तशीच."

"काही नको! बीडहून उद्याच आणा. अब्बांशी मी बोलते. तीन वर्षांनी आपल्या लग्नात अर्धामुर्धा बेंजो वाजलेला मला चालणार न्हाई."

शहेबाजच्या हातातला पाना खण्णकन खाली पडला.

"आपल्या...?" त्यानं वाकून पाना उचलला. "पण—नवरदेवानं बेंजो कसा वाजवायचा?"

"त्याला दुसरा कुणी बघा. तुमी फक्त माझ्याकडं बघायचं," ती लाजत म्हणाली. "आणि लाईट गेलीच... तर धूर मी बघीन."